बीओडी दाखवता का?

निवृत्तीनंतर सोसायटीच्या कमिटीत पडायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. पण वार्षिक सभेला उशिरा पोचलं की काहीतरी गळ्यात पडतंच. लिफ्ट, पार्किंग, गणपती ही खाती वाटून झाली होती. उरलं होतं एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्र. आमची सोसायटी पुण्याच्या पश्चिमेकडची, सुमारे तीनशे घरांची. या सगळ्या घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी पार्किंगखालच्या टाक्यांत जातं, तिथे त्याचं काहीतरी करतात आणि ते फ्लशला नि बागेला परत येतं, यापलीकडे मला काही ठाऊक नव्हतं. उभी नोकरी बँकेत गेलेली. शाळा सुटल्यापासून विज्ञानाशी संबंध आला तो नातवंडांच्या प्रोजेक्टपुरता.

खातं हाती आलं आणि पाठोपाठ सहीसाठी एक कागद आला. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्राची मुदत संपत आली होती, आणि अर्जासोबत प्रयोगशाळेचा अहवाल जोडायचा होता. पीएच ७.२, टीएसएस १२, बीओडी ८, सीओडी ३६, फीकल कोलिफॉर्म अमुक इतके. शेजारच्या रकान्यात मर्यादा आणि त्याच्या शेजारी ‘समाधानकारक’. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी आकडा कुठून आला ते विचारायची खोड मला नोकरीत लागली, ती काही सुटलेली नाही. अध्यक्षांना विचारलं, “बीओडी म्हणजे काय हो?” ते म्हणाले, “दहाच्या आत असला म्हणजे झालं.” देखभालीचं कंत्राट घेतलेल्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “ऑर्गॅनिक लोड असतो मॅडम, तुम्ही टेन्शन घेऊ नका.”

टेन्शन घेऊन मी व्याख्या शोधली. बायोकेमिकल ऑक्सिजन डिमांड : पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांचं जिवाणूंकडून विघटन होताना लागणारा ऑक्सिजन, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. एकेक शब्द कळत होता, वाक्य कळत नव्हतं. त्याच पानावर डीओ होता, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. त्याचंही एकक मिलिग्रॅम प्रति लिटर. डीओ जास्त असेल तर पाणी चांगलं, बीओडी जास्त असेल तर वाईट. दोन्हीकडे ऑक्सिजनच, मोजमाप तेच, आणि एक वाढला की शाबासकी नि दुसरा वाढला की नोटीस! हा काय प्रकार आहे ते समजल्याशिवाय सही करणं जिवावर आलं. कागद तसाच ठेवला आणि एसटीपीच्या जिन्याने खाली उतरले.

आमचा ऑपरेटर लातूरकडचा, आयटीआय झालेला तरुण. मी त्याला सरळ म्हटलं, “मला जरा बीओडी दाखवता का?”

“बीओडी दिसत नसतो, मॅडम,” तो शांतपणे म्हणाला. “फेस दिसतो, गाळ दिसतो, वास येतो. बीओडी लॅबवाले काढतेत.” आणि पाणी ज्या वाटेने जातं त्या वाटेने तो मला घेऊन निघाला.

सुरुवातीला गजांची जाळी, तिला बार स्क्रीन म्हणतात. तिच्यावर अडकलेलं पाहिलं आणि शेजाऱ्यांविषयीचं माझं मत थोडं बदललं : ओले वाइप्स, केसांचे पुंजके, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, खेळण्यातल्या गाडीचं चाक आणि एक स्टीलचा चमचा. पुढे तेलाचा सापळा, वर पांढुरका चरबट थर. मग साठवण टाकी. सकाळी सगळी सोसायटी एकदम आंघोळीला जाते आणि मध्यरात्री पाण्याचा टिपूस येत नाही. हा चढउतार पोटात घेऊन पुढे सारख्या धारेने पाणी सोडणं हे तिचं काम. त्यानंतर एरेशन टँक : तळाशी बसवलेल्या डिफ्यूझरमधून ब्लोअर हवा सोडतो आणि तपकिरी पाणी अखंड ढवळत राहतं. ब्लोअरच्या आवाजात बोलायचं तर कानाशी जावं लागतं. मग सेटलर, जिथे गाळ खाली बसतो आणि वरचं नितळ पाणी कडेवरून ओसंडतं. शेवटी वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर आणि हायपोचा, म्हणजे क्लोरीनचा डोस.

भिंतीवर पाटी होती : ‘क्षमता १६५ केएलडी’. किलोलिटर प्रतिदिन. हा आकडा मात्र माझ्या तब्येतीचा होता. दरडोई रोज १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण. तीनशे घरं, घरटी पाच माणसं धरली तर २,०२,५०० लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं असं धरतात, म्हणजे १,६२,००० लिटर. पाटीशी जुळलं. निदान एक गोष्ट तरी कागदावर सुटली, म्हणून मला उगाचच हुरूप आला.

बीओडी काढतात कसा, ते बघायचं होतं. माझ्या मैत्रिणीची सून एका खासगी प्रयोगशाळेत केमिस्ट आहे, तिच्या ओळखीने तिथे गेले. “मावशी, सोसायटीतून इथवर कुणी येत नाही,” असं म्हणत तिने ३०० मिलिलिटरची एक काचेची बाटली पुढे केली. तिचं बूचही काचेचं, घासून बसवलेलं, आत हवेचा एक बुडबुडा राहू न देणारं. सांडपाणी थेट भरत नाहीत. त्यातलं फक्त ६ मिलिलिटर घेतात आणि बाकीची बाटली हवेने भरपूर ऑक्सिजन दिलेल्या शुद्ध पाण्याने भरतात, म्हणजे पन्नास पट विरळ. तशाच दुसऱ्या बाटलीतला ऑक्सिजन लगेच मोजतात. पहिली बाटली २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस अंधारात ठेवतात. अंधार अशासाठी, की चुकून शेवाळ असलं तर उजेडात ते ऑक्सिजन तयार करेल आणि हिशेब बिघडेल. तीन दिवसांनी उरलेला ऑक्सिजन मोजायचा. आधी ७.६ होता, नंतर २.८ उरला : ४.८ गेला. गुणिले पन्नास, २४०. हा झाला बीओडी.

ऑक्सिजन मोजायची रीत तिने माझ्यासमोर केली. ही रीत लायोश विंक्लर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाने १८८८ मध्ये दिली. बाटलीत मँगनीज सल्फेट आणि मग आयोडाइड मिसळलेला अल्कली घातला. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका धरतो, नसेल तर पांढराच राहतो. आमचा तपकिरी झाला. बाटली उलटसुलट केली, साका अर्ध्यावर बसू दिला, मग सल्फ्युरिक ऍसिड. साका विरघळून पाणी पिवळं झालं. ते फ्लास्कमध्ये घेऊन वरून थायोसल्फेटचे थेंब सोडत गेली. पिवळा रंग अगदी फिका झाला तेव्हा स्टार्च घातला आणि फ्लास्क एकदम गर्द निळा झाला. पुन्हा थेंब, पुन्हा थेंब, आणि एका थेंबाला निळा रंग पार गेला. “आता वाचा, मावशी.” द्रावणाची तीव्रता अशी बेतलेली असते की जेवढे मिलिलिटर पडले तेवढे मिलिग्रॅम ऑक्सिजन एका लिटरमध्ये. मी नळीवरचा आकडा वाचला आणि माझा गुंता तिथेच सुटला.

बँकेच्या भाषेत सांगायचं तर डीओ ही खात्यातली शिल्लक आणि बीओडी हे डोक्यावरचं देणं. मोजतात दोन्ही रुपयांतच. बीओडी नावाचा कुठलाही पदार्थ पाण्यात नसतो. पाण्यातलं अन्न खाताना जिवाणू किती ऑक्सिजन ओढून घेतील, याचा तो अंदाज असतो. आपल्या हवामानात स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी साधारण २५० धरला तर त्याचं एक लिटर नदीच्या तीस लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन गिळू शकतं. मासे मरतात ते विष प्यायल्यामुळेच असं नाही, पुष्कळदा ते गुदमरून मरतात. बाटलीत सांडपाणी पन्नास पट विरळ का करावं लागतं, तेही यातच आलं. तसंच भरलं तर ऑक्सिजन काही तासांतच संपेल आणि देणं किती होतं ते कळणारच नाही.

पण तीनच दिवस का? आणि २७ अंशच का? याची गोष्ट इंग्लंडात सुरू होते. तिथल्या नद्यांची गटारं झाली तेव्हा १८९८ मध्ये एक रॉयल कमिशन नेमलं गेलं. १९१२ च्या आठव्या अहवालात त्याने पाच दिवसांची चाचणी स्वीकारली आणि नदीत सोडायच्या पाण्यासाठी बीओडी २० आणि तरंगते घन पदार्थ ३० अशी मर्यादा सुचवली. तीही नदीत किमान आठ पट पाणी असेल या अटीवर. ब्रिटिश नद्यांचं पाणी फार तर पाच दिवसांत समुद्राला मिळतं म्हणून पाच दिवस, असं सांगितलं जातं. पुढे तापमान २० अंश ठरलं. आपल्या उष्ण देशात जिवाणू भराभर काम करतात, म्हणून भारतीय मानकात २७ अंशांना तीन दिवस. दोन्हींचं उत्तर जवळपास सारखं येतं.

मर्यादेचा आकडाही असाच फिरत आला. आपल्या १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत नदीनाल्यांत सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा ३०. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांडपाणी केंद्रांसाठी १० ची कडक मर्यादा धरली, आणि आमच्या संमतीपत्रातही १० च. बरं, बीओडी दहाच्या आत आला म्हणजे नदी सुटली असंही नाही. नायट्रोजन आणि फॉस्फरस बीओडीच्या बाटलीत पकडले जात नाहीत. ते नदीत पोचतात आणि पुण्याच्या पुलांवरून दिसणारी जलपर्णी त्यांच्यावरच पोसते.

प्रयोगशाळेतून परतताना एक शंका घेऊन आले. बीओडीचं उत्तर तीन दिवसांनी येतं. तोवर ते पाणी कुणाच्या तरी फ्लशमधून पुन्हा खाली आलेलं असतं. मग जुन्या फायलीत हे उत्तर दर महिन्याला इतकं नेमकं कसं? फाईल काढली. बीओडी ८. बीओडी ८. पावसाळ्यात ८, मे महिन्यात निम्मी सोसायटी गावाला गेली तेव्हा ८, दिवाळीत ८. एका अहवालात तर सीओडी बीओडीपेक्षा कमी होता.

सीओडी समजायला मला फार वेळ लागला नाही. बीओडीत जिवाणूंना जे पचेल तेवढंच मोजलं जातं. सीओडीत त्यांना बाजूला ठेवून पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक ऍसिड घालतात, १५० अंशांना दोन तास उकळतात आणि जे जे ऑक्सिडाइझ होईल ते ते करून टाकतात. जिवाणू जे खातात ते आणि जे खात नाहीत त्यातलंही बरंचसं. म्हणून सीओडी नेहमी मोठा, घरगुती सांडपाण्यात बीओडीच्या सुमारे दुप्पट. तो लहान निघाला तर आधी चाचणी तपासायची. मैत्रिणीच्या सुनेने तो कागद पाहिला, चष्मा वर केला आणि एवढंच म्हणाली, “मावशी, सॅम्पल कधी घेतलं, कुठून घेतलं, ते यात लिहिलेलंच नाही.”

त्या वाक्याने मला या विषयाची खरी किल्ली दिली. मी प्रत्येक संज्ञेचा अर्थ शोधत होते आणि इथे प्रत्येक संज्ञेमागे एक कृती होती. टीएसएस, म्हणजे तरंगते घन पदार्थ. काचेच्या तंतूंचा बारीक गाळणकागद आधी वजन करायचा, त्यातून पाणी गाळायचं, कागद १०५ अंशांना सुकवायचा, पुन्हा वजन करायचं. वाढलेलं वजन म्हणजे टीएसएस. कागदातून जे निसटलं ते ‘विरघळलेलं’ समजायचं. म्हणजे तरंगणारं आणि विरघळलेलं यांच्यातली सीमा पाण्यात नाही, कागदाच्या छिद्रात आहे! फीकल कोलिफॉर्मचं तर आणखी पुढचं. नळ्यांच्या ओळीत पाणी वेगवेगळ्या प्रमाणात घालतात, कुठल्या नळ्यांत वायू धरला ते पाहतात आणि तक्त्यावरून सर्वांत संभाव्य संख्या काढतात. एमपीएन ते हेच. जिवाणू कुणी एकेक करून मोजलेले नसतात. पीएच ७ वरून ६ झाला तर आम्लता एका घराने वाढल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात ती दहापट झालेली असते. हे कळल्यापासून अहवालातल्या शब्दांची धास्ती गेली. शब्द वाचला की मी विचारते, हे काढतात कसं? पुढचं आपोआप उलगडतं.

ऑपरेटरला मात्र तीन दिवस थांबून चालत नाही. त्याचं शास्त्र एका लिटरच्या मोजपात्रात आहे. एरेशन टँकमधलं तपकिरी पाणी तो सिलिंडरमध्ये भरतो, टेबलावर ठेवतो आणि घड्याळ लावतो. पहिली काही मिनिटं सगळं गढूळ. मग गाळाचे कण एकमेकांना धरायला लागतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजके जड होऊन उतरायला लागतात आणि वरच्या बाजूला एक स्वच्छ रेघ उमटते. ती हळूहळू खाली सरकते. अर्ध्या तासाने रेघ ३५० वर. वरचं पाणी इतकं नितळ की मागची पाटी वाचता यावी. “हे बगा. आज तब्येत बरीय,” तो म्हणाला. तब्येत कुणाची? जिवाणूंची.

कारण तो गाळ म्हणजे मेलेला कचरा नव्हे. त्यात अन्न खाणारे जिवाणू आहेत, त्यांना खाणारे त्याहून मोठे सूक्ष्मजीव आहेत. एका लिटरमध्ये हा गाळ किती, त्याला एमएलएसएस म्हणतात. आमचा साधारण ३५०० मिलिग्रॅम, म्हणजे साडेतीन ग्रॅम. साडेतीन ग्रॅम गाळाने ३५० मिलिलिटर जागा घेतली, तर एका ग्रॅमने १००. याला एसव्हीआय म्हणतात आणि शंभराच्या आसपास असला तर गाळ नीट बसतो. दीडशेच्या पुढे गेला की समजायचं, धाग्यासारखे जिवाणू माजलेत, गाळ फुगलाय आणि आता तो सेटलरच्या कडेवरून वाहून जाणार.

मग मी पुन्हा आकडेमोड केली. रोजचं १,६२,००० लिटर पाणी, बीओडी २५० धरला तर रोज सुमारे ४० किलो देणं. आमच्या एरेशन टँकमध्ये ८० घनमीटर पाणी मावतं. लिटरला साडेतीन ग्रॅमने त्यात २८० किलो गाळ. चाळीस भागिले दोनशे ऐंशी, साधारण ०.१४. हाच तो एफ बाय एम, अन्न आणि खाणारे यांचं प्रमाण, ज्याच्यावरून पुस्तकांत पानंच्या पानं भरलेली असतात. किलोभर गाळाला दिवसाला दीडशे ग्रॅमहूनही कमी अन्न. आमच्यासारख्या सावकाश चालणाऱ्या केंद्राला ते शोभतं. जास्त झालं तर खाणाऱ्यांना पुरवठा आवरत नाही, फार कमी झालं तर ते उपाशी मरतात.

हा गाळ टाकून न देता परत टँकमध्ये सोडायचा, ही कल्पना मँचेस्टरच्या डेव्हीहुल्म केंद्रातली. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून पाहिली. पहिल्यांदा पाणी पुरतं शुद्ध व्हायला आठवडे लागले. बसलेला गाळ तसाच ठेवून त्यावर नवं सांडपाणी ओतलं, पुन्हा हवा दिली. दर खेपेला वेळ घटत गेला आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. १९१४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी हा निबंध वाचला. जगातली असंख्य केंद्रं आजही याच तत्त्वावर चालतात. आर्डर्न आणि लॉकेट यांना दिशा देणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. आमच्या पार्किंगखाली सेटलरकडून एरेशन टँककडे जाणाऱ्या एका साध्या पाइपवर पिवळ्या रंगाने ‘रिटर्न’ लिहिलंय. सगळ्या केंद्राचा जीव त्या पाइपात आहे, हे तोवर मला कुणी सांगितलं नव्हतं.

तो जीव किती नाजूक, ते दिवाळीने दाखवलं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तीनशे घरांत साफसफाई निघाली. संडासांत ऍसिड, फरशीवर फिनेल, मोरीत ब्लीच, आणि स्वयंपाकघरांतून चकल्या-शेवेचं तळणीचं तेल. तेलाचा सापळा तुंबला. एरेशन टँकवर पांढराशुभ्र फेस चढला. सिलिंडर लावला तर रेघच उमटेना. वरचं पाणी गढूळ राहिलं, तळाशी थोडा काळपट चोथा. ऑपरेटर टाकीकडे बघत म्हणाला, “कल्चर मेलं.” जिन्यापर्यंत सडक्या अंड्यांचा वास आला, म्हणजे ऑक्सिजन संपून बिनहवेच्या जिवाणूंनी ताबा घेतला होता.

व्हॉट्सऍप ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. एका काकांनी शेण टाका म्हणून आग्रह धरला. शेण टाकायची पद्धत आहेही. पण शेणातले जिवाणू बहुतेक गुरांच्या पोटातले, बिनहवेचे, आणि सोबत तंतूंचा चोथा. चालू केंद्रातला ताजा गाळ मिळत असेल तर तोच लवकर लागतो. शेजारच्या सोसायटीने उदार मनाने टँकरभर गाळ दिला. ब्लोअर चोवीस तास चालू ठेवले. तोवर लक्ष्मीपूजन होऊन लोक गावाला गेले, अन्नच कमी झालं, मग ऑपरेटरने ब्लोअरचे तास उतरवले. रेघ पुन्हा उमटायला लागली तेव्हा शाळांच्या सुट्ट्या संपल्या होत्या. ज्या महिन्यात हे सगळं झालं त्या महिन्याचे मागच्या वर्षांचे अहवाल मी पुन्हा उघडले. बीओडी ८.

याच गडबडीत साठवण टाकी तळापासून साफ करायचं ठरलं. कमिटीत एकजण सहज म्हणाले, “ऑपरेटरला उतरवा की. पंधरा मिनिटांचं काम आहे.” तोवर मी शिकले होते की या पोराचं नाक हे आमचं सर्वांत जलद चालणारं उपकरण आहे. पण नेमकं तिथे नाक फसतं. सडक्या अंड्यांचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी साचून राहतो. हवेच्या दहा लाख भागांत शंभरेक भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटतं, गेला वास. त्याच्या काही पटींनी वाढला तर माणूस क्षणांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. टाक्या आणि गटारं साफ करताना एकामागोमाग गेलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशा. माणसाला सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाखांची भरपाई ठरवली आणि २०२३ मध्ये ती ३० लाख केली. मी हे सगळं सभेत वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात घ्यायला लावलं. सक्शन मशीन मागवलं. खर्च जास्त झाला, त्यावर बराच वेळ चर्चा झाली, आणि ती होऊ दिली.

अहवालावर मी सही केली ती प्रयोगशाळा बदलल्यावर. नव्या कागदावर दोन रकाने सक्तीचे केले : नमुना कुठून घेतला, आणि किती वाजता. सकाळच्या गर्दीच्या वेळचं पाणी वेगळं आणि दुपारचं वेगळं, म्हणून दिवसभर ठरावीक अंतराने थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र केलेला नमुना मागितला. तीन दिवसांनी पहिलं उत्तर आलं. बीओडी १४.

शोध घेतला तेव्हा कळलं, एरेशन टँकमधले निम्मे डिफ्यूझर चोंदले होते. ब्लोअरचं वीजबिल पुरेपूर भरलं जात होतं आणि हवा अर्धीच पोचत होती. ते बदलायचं वेळापत्रक संमतीपत्राच्या अर्जाला जोडलं. नवा आकडा नमुन्याच्या वेळेसकट सूचना फलकावर लावला, खाली रोजची सिलिंडरची नोंद. तो फोटो काही मिनिटांत ग्रुपवर आला आणि गदारोळ झाला. फ्लॅटच्या किमती पडतील, बाहेर फोटो पाठवू नका, हे सगळं लागायचं का मागे? अखेर शेणवाले काका ठसक्यात लिहिते झाले, “इतकी वर्षं आठ होता. मॅडम आल्या आणि चौदा झाला!”

मी उत्तर लिहिलं : “काका, रविवारी अकरा वाजता खाली या. सिलिंडर लावू. अर्धा तास लागेल, आणि येताना जुनी चप्पल घाला.”